ठाण्याहून निघालेलं गाठोडं

इ.स. १३२२ च्या आगेमागे ठाण्याच्या बंदरातून एक इटालियन संन्यासी दक्षिणेकडे निघाला. नाव ओदोरिक, गाव पोर्देनोने. अंगावर फ्रान्सिस्कन पंथाचा जाडाभरडा झगा, बरोबर एक साथीदार आणि एक नोकर, आणि सामानात चांगल्या कापडात नीट गुंडाळलेली माणसांची हाडं. ती त्याच्याच पंथाच्या चौघांची होती. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात त्यांना ठार मारण्यात आलं होतं. ओदोरिकनं हाडं मिळवली, त्या मरणाची हकिगत जमवली, आणि दोन्ही घेऊन तो चीनच्या वाटेला लागला.

धर्मापायी छळ सोसलेल्या धर्मगुरूंचा माग दुसऱ्या धर्मगुरूनं काढायचा, ही परंपरा कॅथलिक जगात फार जुनी आहे आणि ती अजून चालू आहे. नाझी राजवटीत दाखाऊच्या छळछावणीत २,७०० हून अधिक पाद्री डांबले होते. त्यांची नावनिशी जमवायला एमिल थोमा या धर्मगुरूनं सुरुवात केली आणि स्वतः दाखाऊत राहून आलेल्या ऑयगेन वायलरनं ती पुरी करून १९७१ मध्ये छापली. पण त्या छावणीत निदान नोंदवह्या होत्या. कैद्याला क्रमांक होता, आल्याची तारीख होती. ठाण्यात यातलं काहीच नव्हतं. दोन पाद्र्यांनी जे लिहिलं किंवा सांगितलं त्यावर सगळी मदार. त्यातला एक जवळजवळ घटनास्थळीच होता, आणि दुसरा वर्षभरानं पोचला.

आम्हा साकोलीकडच्यांना ठाणं म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. इकडे कॅथलिक मिशन म्हटलं की आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावाहून निघून १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरलेले फ्रान्सिस डी सेल्स संघाचे पाद्री आठवतात. कामठी-नागपूर त्यांच्याच कार्यक्षेत्रात आलं आणि १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला. कोकणातली माणसं फार तर १५३४ सालापर्यंत, म्हणजे वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली तिथवर मागे जातात. ठाण्याची ही घटना त्याच्याही दोनशे वर्षं आधीची. वास्को द गामाच्या पणजोबाचाही तेव्हा पत्ता नसेल. या चौघांच्या पाठीशी ना तोफा होत्या, ना कंपनी, ना कुठला गव्हर्नर. म्हणूनच ही गोष्ट पोर्तुगीज काळातल्या गोष्टींपेक्षा वेगळ्या नजरेनं वाचावी लागते.

चौघांत वडीलधारा होता तोलेंतीनोचा थॉमस. वय साठीच्या घरात. पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे दोघे इटालियन. चौथा दमित्री, तिफ्लिसचा म्हणजे आजच्या तबिलिसीचा. तो दीक्षित धर्मगुरू नव्हता, साधा बंधू होता. पण त्याला पूर्वेकडच्या भाषा येत होत्या, आणि या मंडळींचं परमुलखातलं सगळं बोलणं त्याच्याच तोंडून व्हायचं.

थॉमसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा पहिला छळ ठाण्यात झालेला नाही. तो इटलीत झाला, आणि केला त्याच्याच पंथबंधूंनी. संत फ्रान्सिसनं पंथ स्थापला तो निर्धनतेच्या व्रतावर. त्याच्या मागे पन्नास वर्षांत पंथाकडे मठ आले, ग्रंथालयं आली, धान्याची कोठारं आली. अँकोनाच्या बाजूच्या काही तरुण संन्याशांनी हट्ट धरला की फ्रान्सिसनं सांगितलं तसंच राहायचं, मालकीचं काही ठेवायचं नाही. थॉमस त्यांच्यातला. वरिष्ठांनी या हट्टाला बंडखोरी ठरवलं आणि या मंडळींना जन्मठेप दिली. त्यांच्यातलाच एक, आंजेलो क्लारेनो, यानं पुढे पंथावरच्या सात संकटांचा इतिहास लिहिला, त्यात या कैदेची कहाणी आहे. १२८९ मध्ये रेमाँ गोफ्रिदी पंथप्रमुख झाला. त्यानं कैद्यांचा अपराध काय ते विचारलं, उत्तर ऐकून तो चकित झाला आणि त्यानं सगळ्यांना सोडून दिलं. मात्र इटलीत ठेवलं तर पुन्हा भांडण पेटेल, म्हणून त्यांना आर्मेनियाच्या राजाकडे धाडलं.

अशा रीतीनं थॉमस पूर्वेला लागला. आर्मेनियाच्या राजासाठी मदत मागायला तो युरोपात परतला. १३०७ मध्ये तो पोप पाचव्या क्लेमेंटपुढे प्वातिए इथे उभा होता. चीनमध्ये एकट्यानं मिशन चालवणाऱ्या जॉन ऑफ मॉन्तेकोर्व्हिनोची पत्रं त्यानं तिथे पोचवली. त्या बातमीचा परिणाम असा झाला की जॉनला खानबालिकचा, म्हणजे बीजिंगचा, आर्चबिशप नेमलं आणि त्याच्या मदतीला सात बिशप रवाना केले. पंथाच्या तुरुंगातला कैदी वीस वर्षांच्या आत पोपच्या दरबारात चीनचा वकील झाला होता. पुढे चीनला जायला तो स्वतःच निघाला.

१३२० च्या सुमारास ही मंडळी इराणातल्या होर्मूझ बंदरावर जमली. त्यांच्याबरोबर सेव्हेराकचा जोर्दानुस हा फ्रेंच डॉमिनिकन होता. तोंडी बोली होती कोल्लमला नेण्याची, कारण तिथून चीनकडे जाणारी मोठी जहाजं मिळत. जहाज येऊन लागलं ठाण्याला. ओदोरिकच्या सांगण्याप्रमाणे त्यांना मनाविरुद्ध इथे आणलं गेलं.

तेव्हाचं ठाणं एका उलथापालथीतून नुकतंच बाहेर येत होतं. शिलाहारांची ही जुनी राजधानी १२६५ च्या सुमारास यादवांकडे गेली होती. १३१८ मध्ये देवगिरीचा हरपालदेव मारला गेला आणि यादवांचं राज्य दिल्लीच्या मुबारक खलजीनं खालसा केलं. दोन वर्षांत मुबारकचाच खून झाला आणि सप्टेंबर १३२० मध्ये गियासुद्दीन तुघलक गादीवर बसला. म्हणजे एप्रिल १३२१ मध्ये ठाण्याचा कारभार पाहणारा मलिक अशा सुलतानाचा चाकर होता, ज्याला गादीवर येऊन जेमतेम सात महिने झाले होते. दिल्लीतला नवा धनी कशानं खूश होईल आणि कशानं भडकेल, याचा अंदाज कुणालाच नव्हता. मलिक पुढे जो डळमळला त्याचं निम्मं कारण मला इथे दिसतं.

गाव मात्र आपल्या रीतीनं चाललं होतं. ओदोरिकनं त्याचं वर्णन केलं आहे आणि ते वाचताना मजा वाटते. इथले उंदीर कुत्र्याएवढे, मांजरं त्यांच्यापुढे हात टेकतात, म्हणून कुत्रे लावावे लागतात, असं तो सांगतो. ही घूस, दुसरं काय! वटवाघळं कबुतराएवढी. प्रत्येक घरापुढे एक खांबासारखं रोप, पाणी घालत राहिलं तर ते कधी वाळत नाही. तुळशीवृंदावन एका परदेशी डोळ्यानं असं टिपलं. नवरीला घोड्यावर बसवतात, दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचा उंच मुकुट असतो, पुढे मुली गाणी गात चालतात. बाशिंग बांधलेली वरात सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात कशी दिसत होती ते आपल्याला एका पाद्र्याकडून कळतं. त्याच ओघात तो ठाणं ही अलेक्झांडरशी लढलेल्या पोरस राजाची नगरी होती असंही बिनदिक्कत सांगून टाकतो. डोळ्यांनी पाहिलेलं अचूक आणि कानांनी ऐकलेलं तपासून न घेतलेलं, असा हा साक्षीदार आहे. पुढची हकिगत वाचताना हे विसरून चालणार नाही.

ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती तशी जुनीच. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या व्यापारी लेखकानं ‘कल्लियाना’ इथल्या बिशपचा उल्लेख केला आहे, आणि ते आपलं कल्याण असावं असं बरेच अभ्यासक धरतात. यांतल्याच एका घरी चौघं उतरले. ते कर्मठ रोमन पंथाचे, यजमान रोमच्या लेखी पाखंडी. पण परक्या गावात शिजवून घालणारा मिळाला की असले भेद तेवढ्यापुरते बाजूला पडतात.

जोर्दानुस तिथे थांबला नाही. त्याला फारसी येत होती. बाप्तिस्मा द्यायला म्हणून तो स्थानिक ख्रिस्ती मंडळींबरोबर आधी सोपाऱ्याला आणि तिथून भडोचच्या दिशेला गेला. त्यामुळे तो वाचला. त्यामुळेच पुढचं लिहायलाही कुणीतरी उरलं.

एका संध्याकाळी त्या घरच्या नवराबायकोचं भांडण झालं आणि नवऱ्यानं बायकोला मारलं. बाई गप्प बसली नाही. ती काजीकडे गेली. काजीनं विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, आमच्याकडे चार फिरंगी रब्बान, म्हणजे संन्यासी, उतरले आहेत, त्यांच्यासमोर झालं. काजीच्या बैठकीत अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, हे लोक धर्मग्रंथांचे जाणते असतात, बोलवा त्यांना, वाद घालू. थॉमस, जेम्स आणि दमित्री गेले. पीटर सामान राखायला घरी राहिला.

मला ही सुरुवात फार खरी वाटते. रक्तसाक्षींच्या कथा रचणारा माणूस अशी सुरुवात रचत नाही. त्याला राजाचा हुकूम लागतो, देवळातली मूर्ती लागते, निदान एखादं भविष्य लागतं. इथे मार खाल्लेली एक बाई आहे, तिची फिर्याद आहे आणि तिला साक्षीदार हवे आहेत. पाद्री काजीपुढे उभे राहिले ते मुळात या घरगुती खटल्यात. तिच्या फिर्यादीचं पुढे काय झालं हे सांगायचं ओदोरिकला सुचलंसुद्धा नाही. वाद सुरू झाला आणि ती बाई कथेतून नाहीशी झाली.

वाद आधी ख्रिस्तावर झाला. तो नुसता माणूस की देव? थॉमसनं आपल्या श्रद्धेप्रमाणे उत्तर दिलं आणि दमित्रीनं ते पोचवलं. मग प्रश्न आला, आमच्या पैगंबराबद्दल तुझं मत काय? थॉमसनं आधी टाळाटाळ केली. पुन्हा पुन्हा खोदून विचारल्यावर त्यानं अत्यंत कडवट उत्तर दिलं. त्या काळी असं उत्तर कुठल्याही काजीच्या दरबारात दिलं असतं तरी शिक्षा मरणाचीच होती. थॉमसला हे ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे. तीस वर्षं तो पूर्वेकडे वावरत होता. फ्रान्सिस्कन पंथात १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच बंधूंची आठवण जिवंत होती आणि तसं मरण यावं म्हणून प्रार्थना करणारे लोक होते. अलेक्झांड्रियाच्या माणसानं सापळा लावला हे खरं. पण थॉमस त्यात चुकून पाय पडून अडकला असं मला वाटत नाही.

पुढचं ओदोरिक सांगतो ते असं. तिघांना उन्हात बांधून ठेवलं. एप्रिलमधलं कोकणातलं ऊन, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. तेवढ्यानं माणूस मरेल अशी अपेक्षा होती, पण ते मेले नाहीत. मग गावाच्या चौकात मोठा जाळ केला आणि जेम्सला त्यात लोटलं. तो जसाच्या तसा बाहेर आला. झगा मंतरलेला असेल म्हणून कपडे काढले, अंगाला तेल फासलं, पुन्हा लोटलं. पुन्हा तेच. लोक ओरडायला लागले की ही साधी माणसं नाहीत. मलिक घाबरला. त्यानं तिघांना गुपचूप बोलावून सांगितलं की ताबडतोब इथून निघून जा, आणि खाडीपलीकडे एका मूर्तिपूजकाच्या घरी त्यांना पोचवलं. म्हणजे शेवटचा आसरा मिळाला तो एका हिंदू घरात. काजीनं मग मलिकाचं मन वळवलं. रात्री चार हत्यारबंद माणसं खाडी ओलांडून गेली. कामाचं आपल्यालाच वाईट वाटतं, पण न करावं तर बायकापोरांसकट आपणच मरू, असं त्या मारेकऱ्यांनी सांगितल्याचं ओदोरिकनं नोंदवलं आहे. तिघांची डोकी उडवली गेली. मग पीटरही सापडला. त्याला झाडाला टांगून छळलं आणि शेवटी कापून काढलं. झावळ्यांच्या रविवारच्या आधीचे हे दिवस. त्या वर्षी तो रविवार १२ एप्रिलला होता.

त्यानंतरचं कथन सरळसरळ संतचरित्राच्या वाटेनं जातं. मलिकाला रात्री चौघं तलवारी घेऊन दिसतात. तो पश्चात्तापानं त्यांच्या नावे चार मशिदी बांधतो. दिल्लीचा बादशहा त्याला बोलावून घेतो, देवानं दोनदा वाचवलेल्यांना मारलंस कसं म्हणून जाब विचारतो आणि कुटुंबासकट ठार करतो. चौदा दिवस उघड्यावर पडलेली प्रेतं ताजीच राहतात. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी भांडण घेतो, काजीच्या बैठकीतला तो उपटसुंभ घेतो, मलिकाची चलबिचल घेतो, खाडीपलीकडचं घर घेतो. ताजी प्रेतं सोडतो.

सोडायला आधारही आहे. जोर्दानुसला वाटेत अटकेची बातमी लागली आणि तो उलटपावली आला, पण तोवर सगळं संपलं होतं. जिनोआच्या एका तरुण माणसाच्या मदतीनं त्यानं प्रेतं सोपाऱ्याला नेली आणि तिथल्या चर्चमध्ये पुरली. १२ ऑक्टोबर १३२१ रोजी त्यानं गुजरातच्या किनाऱ्यावरून, बहुधा घोघ्याहून, तब्रीझ आणि आसपासच्या मठांना पत्र पाठवलं. बातमी कळवणारा हा पहिला कागद. भडोचला नव्वदेक जणांना बाप्तिस्मा दिला, ठाणं आणि सोपाऱ्याच्या दरम्यान आणखी पस्तीस जणांना, असा हिशेब त्यात आहे. मिशनला कुठल्या जागा सोयीच्या, याची यादी आहे. माणसं पाठवा अशी विनवणी आहे. चार सोबती गमावलेला एकटा माणूस शोक बाजूला ठेवून कामाचं बोलतो, आणि मला ओदोरिकच्या चमत्कारांपेक्षा हा कोरडा हिशेब जास्त हलवतो.

त्याचं दुसरं पत्र जानेवारी १३२४ मधलं, खुद्द ठाण्याहून लिहिलेलं. तोवर त्याची बरीच परवड झाली होती. पुढे लिहिलेल्या आपल्या पुस्तकात तो सांगतो की चार वेळा तुरुंगात पडलो, केस उपटले गेले, फटके खाल्ले, धोंडे खाल्ले. पण याच ठाण्याच्या पत्रात आणखी एक मजकूर आहे. पोपनं या समुद्रात दोन गलबतं ठेवली तर केवढा लाभ होईल, आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचं केवढं नुकसान! मसाल्याचा व्यापार लाल समुद्रातून इजिप्तला जायचा, तिथली नस दाबायची ही कल्पना. १४९८ च्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात बसून एक मारखाऊ पाद्री ती मांडत होता. ज्याचा छळ होतो तो माणूस म्हणून लढाईच्या विचारापासून अलिप्त राहतोच असं नाही. जोर्दानुसला रक्तसाक्षींची हाडं पुरता येत होती आणि आरमाराची गणितंही करता येत होती. त्याला १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमलं गेलं.

आता ओदोरिककडे येऊ. होर्मूझहून अठ्ठावीस दिवसांत तो ठाण्याला पोचला, हाडं बाहेर काढली आणि निघाला. वाटेत एका घरी रात्री गाठोडं उशाला घेऊन झोपला असताना कुणीतरी घराला आग लावली. साथीदार आणि नोकर बाहेर पळाले, हा हाडं घेऊन कोपऱ्यात बसला. तीन कोपरे जळले, चौथा राहिला, आणि तो बाहेर पडल्यावर तोही कोसळला. पुढे कोल्लमच्या वाटेवर वारा पडला. जहाजावरच्या हिंदूंनी आपल्या देवांना आळवलं, मुसलमानांनी आपल्या, मग यांना सांगितलं की तुमच्या देवाला विचारा, नाहीतर ती हाडं समुद्रात टाकू. ओदोरिकनं प्रार्थना केली, गुण येईना, तेव्हा नोकराच्या हाती हळूच एक हाड दिलं आणि नाळेवरून समुद्रात सोडायला सांगितलं. वारा सुटला. कोल्लमहून तो सातशे माणसं वाहणाऱ्या चिनी जहाजावर चढला आणि झैतूनला, म्हणजे आजच्या क्वानझोऊला, उतरला. तिथल्या फ्रान्सिस्कन मठात त्यानं गाठोडं ठेवलं.

युरोपात परतल्यावर मे १३३० मध्ये त्यानं हे सगळं पादुआच्या मठात सोलान्याच्या विल्यम या बंधूला सांगितलं आणि विल्यमनं लिहून घेतलं. जेम्स याच गावचा. ऐकणाऱ्यांत त्याला ओळखणारे असणार, आणि जाळातून दोनदा बाहेर येणारा नेमका पादुआचा जेम्स का, याचं एक उत्तर कदाचित इथेच आहे. पुढच्या जानेवारीत ओदोरिक उदिने इथे वारला. त्याचं कथन शंभरावर हस्तलिखितांत पसरलं. प्रवासवर्णनाच्या नावानं थापा मारणाऱ्या मँडेव्हिलनंही त्यातून मनसोक्त उचललं.

एवढ्या गाजलेल्या मरणाचं रोमनं काय केलं? त्या वेळी काहीच नाही. पोप होता बाविसावा जॉन, मुक्काम आव्हिन्योंला. त्याचं फ्रान्सिस्कनांच्या निर्धनतावादी गटाशी उघड वैर होतं. ठाण्याच्या घटनेच्या तीनच वर्षं आधी, ७ मे १३१८ रोजी, मार्सेयमध्ये चार फ्रान्सिस्कन बंधूंना जिवंत जाळण्यात आलं होतं. गुन्हा हाच की आखूड, ठिगळांचा झगा सोडायला आणि कोठारात धान्य साठवायला त्यांनी नकार दिला. खटला चालवणारा इन्क्विझिटर मिशेल ल म्वान, तोही फ्रान्सिस्कनच. थॉमस तरुणपणी ज्या मतापायी तुरुंगात गेला होता, त्याच मतापायी हे चौघं चितेवर गेले.

मार्सेयच्या चौघांची हाडं-राखही लोकांनी गोळा केली. दक्षिण फ्रान्समधले त्यांचे अनुयायी ते अवशेष कापडात बांधून घरात ठेवत, पुजत, त्यांना रक्तसाक्षी म्हणत. बर्नार्ड गी या इन्क्विझिटरनं आपल्या मार्गदर्शिकेत हे सगळं नमूद केलं आहे, पण ते पाखंडाची खूण म्हणून. असे अवशेष सापडणं हा खटल्यात पुरावा होता. एकाच दशकात, एकाच पंथाच्या चार-चार माणसांची हाडं. एक गाठोडं झैतूनच्या मठात मानानं उतरलं, दुसरं लपवायची पाळी आली. मारणारा परधर्मी असला तर शोध घेणारा इतिहासकार ठरतो. मारणारं आपलंच धर्मपीठ असलं तर शोध घेणारा आरोपी होतो. आणि थॉमसचं आयुष्य या दोन्ही बाजूंना पुरून उरतं. तोलेंतीनोत त्याचं मस्तक म्हणून जो अवशेष मानला जातो त्याला नमस्कार करणाऱ्यांना त्याच्या इटलीतल्या तुरुंगाची आठवण कितपत असते, कोण जाणे.

पंथातल्या कुणाही रक्तसाक्षीला संतपद मिळायला १४८१ साल उजाडलं. तेही मोरोक्कोच्या पाच जणांना. सिएनाच्या सान फ्रांचेस्को मठात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं काढलेलं एक भित्तिचित्र आहे. गादीवर बसलेला पूर्वेकडचा राजा, शिरच्छेद झालेले संन्यासी, तलवार म्यान करणारा मारेकरी. हा ठाण्याचाच प्रसंग, असं काही कला-इतिहासकार मानतात. पीटर सिएनाचा होता हे त्यांच्या बाजूचं एक बलस्थान. इतर अभ्यासक दुसऱ्या गावांची नावं घेतात. थॉमसला ‘धन्यवादित’ म्हणून मान्यता मिळाली ती १८९४ मध्ये, तेराव्या लिओ पोपकडून. मरणानंतर पाचशे त्र्याहत्तर वर्षांनी.

विसाव्या शतकात आकिलिस मीर्समन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं भारतातल्या आपल्या पंथाचा इतिहास चिकाटीनं जुळवला. १९४३ मध्ये कराचीला छापलेल्या त्याच्या पुस्तकाची मुदत १२९१ पासून १९४२ पर्यंतची. इकडे सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटातला स्तूप उकरला, त्यात सोन्याची फुलं, आठ बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे निघाले. जोर्दानुसचं चर्च मात्र कुठल्याच फावड्याला लागलं नाही. जोर्दानुसच्या काळापर्यंत तिथे अवशेष पुरण्याची परंपरा कित्येक शतकांची होऊन गेली होती, हे बिचाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

या प्रकरणात एक तिसरा धर्मगुरूही आहे आणि मला तो सगळ्यांत आवडतो. पेरुज्याचा आंद्रेया, झैतूनचा बिशप. त्याची लॅटिन मजकुराची समाधीशिळा क्वानझोऊला १९४६ मध्ये सापडली. जानेवारी १३२६ मध्ये त्यानं आपल्या गावच्या मठाला पत्र लिहिलं. चीनच्या बादशहाकडून पोटापाण्यापुरता तनखा मिळतो, इथे ज्याला त्याला आपापल्या धर्मानं राहू देतात, आम्ही मोकळेपणानं उपदेश करतो, पण ज्यू आणि मुसलमान काही आपल्या धर्मात येत नाहीत, असं सगळं तो साधेपणानं कळवतो. शेवटी ठाण्याचा उल्लेख येतो. आपले चार बंधू हिंदुस्थानात मारले गेले, त्यातला एक दोनदा जाळात टाकूनही सुखरूप बाहेर आला, असं तो लिहितो. आणि पुढच्याच वाक्यात सांगून टाकतो की एवढा मोठा चमत्कार होऊनही तिथल्या एकाही माणसानं धर्म बदलला नाही.